तीन वर्षांसाठी बांधलेली नौका ३६ वर्षे चालली : विमानवाहू नौकांचे ‘क्लास’ म्हणजे नेमके काय?

कारवार : १९४१ संपता संपता ब्रिटिश नौदलासमोर साधा, पण कठीण हिशेब होता. करेजियस, ग्लोरियस आणि आर्क रॉयल या तीन मोठ्या विमानवाहू नौका जर्मनांनी बुडवल्या होत्या. नवी मोठी नौका बांधायची तर वर्षानुवर्षे जाणार, आणि युद्ध काही तेवढं थांबणार नव्हतं. म्हणून १९४२ मध्ये वेगळाच नकाशा तयार झाला. व्यापारी जहाजासारखा सांगाडा, जाड चिलखत नाही, मध्यम वेग, जास्तीत जास्त गोद्यांत बांधता येईल अशी साधी रचना. नौका तीन वर्षे चालली तरी पुरे, युद्ध संपलं की भंगारात.

याच मालिकेतली ‘एचएमएस हर्क्युलिस’ १९४३ मध्ये इंग्लंडच्या टाईन नदीकाठी विकर्स-आर्मस्ट्राँगच्या गोदीत बांधायला घेतली. २२ सप्टेंबर १९४५ ला ती पाण्यात उतरली तेव्हा जपानने शरणागती पत्करून झाली होती. काम थांबलं. अर्धवट सांगाडा दहा-अकरा वर्षे तसाच पडून होता. १९५७ मध्ये तो भारताने विकत घेतला, बेलफास्टच्या हार्लंड अँड वूल्फ गोदीत पुरा करून घेतला आणि ४ मार्च १९६१ ला त्यावर तिरंगा चढला. तीच आपली पहिली ‘आयएनएस विक्रांत’. ती निवृत्त झाली ३१ जानेवारी १९९७ ला. तीन वर्षांच्या मालाने ३६ वर्षे काढली!

विक्रांत ‘मॅजेस्टिक क्लास’ची, विराट ‘सेंटॉर क्लास’ची, विक्रमादित्य मूळ ‘किएव्ह क्लास’ची, असं बातम्यांत नेहमी येतं. स्पर्धा परीक्षेची पोरं ते पाठही करतात. पण हा क्लास म्हणजे नक्की काय आणि तो ठरतो कसा, हे समजून घ्यायचं तर दुसऱ्या महायुद्धाकडेच जावं लागतं.

एक पॅटर्न, अनेक नग

बेळगावच्या उद्यमबागेत फौंड्री बघितलेल्यांना हे लगेच कळेल. एक पॅटर्न करायचा आणि त्यावर हवे तेवढे नग काढायचे. जहाजांचा क्लास म्हणजे तसाच एक पॅटर्न. एकाच नकाशावर बांधलेल्या नौकांचा तो गट, आणि गटाला सहसा पहिल्या नौकेचं नाव. अमेरिकेची ‘एसेक्स’ पहिली झाली म्हणून तिच्या मागून आलेल्या सगळ्या एसेक्स क्लासच्या. एकाच क्लासच्या असल्या तरी सगळ्या हुबेहूब नसतात. युद्धात जो मार बसतो त्यातून शिकत पुढच्या नगात दुरुस्त्या होत जातात. मॅजेस्टिक हा क्लास तसाच ‘कोलोसस’ क्लासमध्ये दुरुस्ती करून निघाला. सोळा नौकांची ऑर्डर होती, त्यातल्या शेवटच्या सहा सुधारित नकाशावर गेल्या आणि त्यांना वेगळं नाव मिळालं.

क्लास वेगळा आणि प्रकार वेगळा, इथे मात्र घोटाळा होतो. युद्धकाळात विमानवाहू नौकांचे मोटामोटी तीन प्रकार होते : मुख्य ताफ्याबरोबर पळणारी मोठी ‘फ्लीट कॅरियर’, तिच्याच वेगाची किंवा थोडी कमी अशी ‘लाईट कॅरियर’ आणि व्यापारी जहाजांच्या तांड्याला राखणारी ‘एस्कॉर्ट कॅरियर’. अमेरिकन नौदलात त्यांची अक्षरंही ठरलेली होती, सीव्ही, सीव्हीएल आणि सीव्हीई. एकेका प्रकारात पुन्हा अनेक क्लास.

कागदावरच्या टनांचा खेळ

महायुद्धाच्या आधी नौका किती मोठी बांधायची हे इंजिनियर ठरवत नव्हते, करार ठरवत होता. १९२२ च्या वॉशिंग्टन करारात विमानवाहू नौकांसाठी प्रत्येक देशाला एकूण टनांचा कोटा मिळाला. अमेरिका आणि ब्रिटनला प्रत्येकी १ लाख ३५ हजार टन, जपानला ८१ हजार. अर्धवट असलेल्या लढाऊ जहाजांवर सपाट डेक चढवून दोन मोठ्या नौका करायला परवानगी होती. अमेरिकेच्या लेक्सिंग्टन आणि साराटोगा, जपानच्या अकागी आणि कागा अशाच झाल्या.

करार आला की पळवाट आलीच. दहा हजार टनांच्या आतली नौका या कोट्यात धरली जात नव्हती. जपानने मग ‘र्‍यूजो’ ही छोटी नौका आखली, म्हणजे ती हिशेबात येणारच नाही. १९३० च्या लंडन करारात ही पळवाट बंद झाली आणि लहान नौकाही मोजायचं ठरलं. आता कोट्यात धरणारच असतील तर विमानं तरी जास्त मावू देत, म्हणून त्याच चिमुकल्या सांगाड्यावर आणखी एक मजला चढवला. व्हायचं तेच झालं. नौका वरून जड झाली, लाटांत डोलायला लागली आणि पुन्हा गोदीत नेऊन तिला सुधारावं लागलं.

ही र्‍यूजो आपल्याला परकी नाही. ६ एप्रिल १९४२ ला विशाखापट्टणम आणि काकिनाडा या भारतीय बंदरांवर बॉम्ब टाकणारी विमानं तिच्याच डेकवरून उडाली होती. त्याच आठवड्यात, ९ एप्रिलला, जपानच्या मोठ्या विमानवाहू नौकांवरच्या विमानांनी श्रीलंकेच्या बट्टिकलोवाजवळ ब्रिटिशांची ‘एचएमएस हर्मिस’ बुडवली. विमानवाहू नौका, आणि त्या दिवशी तिच्यावर एकही विमान नव्हतं.

मोठ्यांचा बाजार

७ डिसेंबर १९४१ ला पर्ल हार्बरवर हल्ला करणाऱ्या जपानी ताफ्यात सहा मोठ्या विमानवाहू नौका होत्या. त्यातल्या चार, अकागी, कागा, सोर्‍यू आणि हिर्‍यू, पुढच्या जूनमध्ये मिडवेच्या लढाईत गेल्या. अमेरिकेची यॉर्कटाऊन गेली. नुकसान दोघांचं झालं, फरक पडला तो नुकसान भरून काढण्यात.

अमेरिकेच्या एसेक्सची बांधणी एप्रिल १९४१ मध्ये सुरू झाली आणि ३१ डिसेंबर १९४२ ला ती नौदलात दाखल झाली. वीस महिने! वजन २७ हजार टनांच्या वर, वेग साधारण ३३ नॉट, म्हणजे ताशी साठ किलोमीटर, आणि ९० च्या आसपास विमानं. या क्लासच्या एकूण २४ नौका झाल्या. काही युद्धानंतर पुऱ्या झाल्या, पण युद्धात उतरलेल्यांपैकी एकही बुडाली नाही. मार्च १९४५ मध्ये जपानच्या किनाऱ्याजवळ ‘फ्रँकलिन’वर बॉम्ब पडले, डेकवरची भरलेली विमानं पेटली, सातशेहून जास्त माणसं गेली. तरी ती नौका मायदेशी परतली.

जपाननेही मिडवेनंतर ‘उनर्‍यू’ क्लासचा मोठा कार्यक्रम आखला. आराखडा दणदणीत होता, पण पुऱ्या झाल्या फक्त तीन नौका, त्याही १९४४ मध्ये. तोवर त्यांवर ठेवायला विमानं नव्हती आणि उडवायला शिकलेले वैमानिक नव्हते. खुद्द उनर्‍यूला डिसेंबर १९४४ मध्ये पाणबुडीने गाठलं, अमागी बंदरातच उलटली. कात्सुरागी राहिली, आणि युद्ध संपल्यावर परदेशात अडकलेले जपानी सैनिक घरी आणायच्या कामाला लागली. जर्मनीची ग्राफ झेपेलिन आणि इटलीची अक्विला तर कधी पुऱ्याच झाल्या नाहीत.

डेकवर चिलखत घालायचं की विमानं भरायची, हाही एक जुना वाद. ब्रिटिशांनी ‘इलस्ट्रियस’ क्लासच्या डेकवर तीन इंच जाड पोलाद घातलं. जानेवारी १९४१ मध्ये माल्टाजवळ जर्मन स्टुका विमानांनी तिला बॉम्बनी झोडपलं, तरी ती तरली. पण या वजनामुळे तिच्यात सुरुवातीला छत्तीसच विमानं मावायची. अमेरिकन नौकांचे डेक लाकडी आणि विमानं अडीचपट. कोण बरोबर? ब्रिटिशांना लढायचं होतं ते भूमध्य समुद्रात, किनाऱ्यावरच्या शत्रूच्या विमानतळांपासून हाकेच्या अंतरावर. अमेरिकेला मोकळ्या पॅसिफिकमध्ये. ज्याने त्याने आपापल्या पाण्याप्रमाणे केलं. नुसत्या चिलखताने मात्र भागत नाही. जपानची ‘ताइहो’ चिलखती डेकची होती. जून १९४४ मध्ये एकच टॉर्पेडो लागला, पेट्रोलची वाफ आतल्या आत साठली आणि काही तासांनी स्फोट होऊन नौका गेली.

गेली तर गेली!

या सगळ्यात कमी बोललं जातं ते स्वस्तातल्या नौकांबद्दल, आणि खरी गोष्ट तिथेच आहे.

अटलांटिकच्या मधोमध एक पट्टा असा होता की किनाऱ्यावरून उडालेलं विमान तिथे पोचत नसे. जर्मन पाणबुड्या तिथेच टपून बसायच्या. ब्रिटनने पकडलेल्या ‘हॅनोव्हर’ या जर्मन व्यापारी जहाजाचा वरचा भाग कापून त्यावर सपाट डेक बसवला आणि ‘ऑडॅसिटी’ नावाने १९४१ मध्ये तांड्याबरोबर पाठवलं. ब्रिटनची पहिली एस्कॉर्ट कॅरियर ती हीच. डिसेंबरमध्ये पाणबुडीनेच तिला बुडवलं, पण तोवर तिने आपली उपयोगिता दाखवली होती. पुढे तर धान्य वाहणाऱ्या जहाजांवर आणि टँकरवरसुद्धा डेक बसवले. खाली गहू, वर तीन-चार विमानं. अशी १९ जहाजं झाली.

अमेरिकेत हे काम हेन्री कायझर या कंत्राटदाराने कारखान्यासारखं केलं. लढाऊ जहाजं बांधण्याचा त्याला अनुभव नव्हता, मालवाहू जहाजांचा होता. कोलंबिया नदीकाठच्या व्हँकुव्हर गोदीत (कॅनडातलं नव्हे, वॉशिंग्टन राज्यातलं) त्याने ‘कॅसाब्लांका’ क्लासच्या ५० नौका काढल्या. जुलै १९४३ ते जुलै १९४४ या साधारण एका वर्षात पन्नासच्या पन्नास नौदलाच्या ताब्यात. म्हणजे आठवड्याला जवळजवळ एक! टर्बाइन आणि त्यांचे गिअर मिळत नव्हते म्हणून जुन्या धर्तीचं पिस्टनचं वाफेचं इंजिन बसवलं. वेग १९ नॉट, विमानं २८. मोठ्या ताफ्याबरोबर ती पळूच शकत नव्हती.

चिलखत जवळजवळ नाहीच. खलाशी चेष्टेने म्हणायचे, सीव्हीई म्हणजे कम्बस्टिबल, व्हल्नरेबल, एक्स्पेंडेबल. पटकन पेटणारी, सहज सापडणारी, गेली तर गेली. चेष्टा खरी ठरायला वेळ लागला नाही. २४ नोव्हेंबर १९४३ ला या क्लासच्या ‘लिस्कम बे’ला एकच टॉर्पेडो नेमका बॉम्बच्या कोठाराजवळ लागला. २३ मिनिटांत नौका तळाला, ६४४ माणसं गेली. त्यात डॉरिस मिलर होता. हा कृष्णवर्णीय खलाशी मेसमध्ये कामाला होता आणि पर्ल हार्बरच्या दिवशी त्याने मशीनगन हातात घेतली होती. पराक्रमासाठी नेव्ही क्रॉस मिळालेला माणूस गेला तो सगळ्यात स्वस्त नौकेवर. आता अमेरिकेच्या एका अणुशक्तीवरच्या विमानवाहू नौकेला त्याचं नाव दिलं जात आहे.

२५ ऑक्टोबर १९४४ ला फिलिपाइन्सच्या समार बेटाजवळ याच क्लासच्या सहा नौका सकाळी सकाळी जपानी मुख्य ताफ्यासमोर सापडल्या. समोर ‘यामातो’, जगातलं सगळ्यात मोठं लढाऊ जहाज, ४६ सेंटीमीटरच्या तोफा. अमेरिकेच्या मोठ्या विमानवाहू नौका जवळ नव्हत्या. अॅडमिरल हॉल्सी त्या घेऊन उत्तरेला गेले होते, जपानने आमिष म्हणून सोडलेल्या विमानवाहू नौकांच्या मागे. त्या आमिषातली विमानं इतकी कमी होती की नौका म्हणजे रिकाम्या पेट्याच. त्यात पर्ल हार्बरच्या सहांपैकी शेवटची उरलेली झुइकाकू होती, तीही त्याच दिवशी बुडाली.

इकडे समारला १९ नॉटच्या नौका धुराचे पडदे सोडत पळत होत्या. सोबतच्या लहान डिस्ट्रॉयर उलट फिरून यामातोच्या ताफ्यावर चालून गेल्या. विमानांनी जे हाताशी होतं ते टाकलं, काहींनी बॉम्ब नसतानाही खोटे हल्ले केले. चिलखत फोडण्यासाठी केलेले जपानी गोळे या पातळ पत्र्यातून आरपार जात, कित्येक फुटतच नव्हते. ‘गॅम्बियर बे’ तोफांनी बुडाली, ‘सेंट लो’ त्याच दिवशी आत्मघाती विमानाने, आणि तीन सोबती जहाजं गेली. पण जपानी अॅडमिरल कुरिता मागे फिरला. समोर मोठ्या फ्लीट कॅरियर आहेत असा त्याच्या लोकांचा समज झाला होता.

याच क्लासच्या ‘ग्वादालकॅनाल’च्या गटाने जून १९४४ मध्ये यू-५०५ ही जर्मन पाणबुडी जिवंत पकडली. ती आजही शिकागोच्या संग्रहालयात बघायला मिळते.

लाईट कॅरियरचं गणित मधलं. अमेरिकेने क्रूझरचे तयार सांगाडे घेऊन त्यावर डेक बसवले, त्या ‘इंडिपेंडन्स’ क्लासच्या नऊ नौका. वेग ३१ नॉट, विमानं तीसेक. नऊही १९४३ मध्येच दाखल झाल्या. ब्रिटनच्या कोलोसस-मॅजेस्टिक २५ नॉटच्या. त्या जर्मनीविरुद्ध कधीच लढल्या नाहीत, खरा बाजार त्यांना युद्धानंतर मिळाला. फ्रान्स, नेदरलँड्स, ऑस्ट्रेलिया, कॅनडा, ब्राझील, अर्जेंटिना आणि भारत. एवढ्या देशांच्या नौदलांनी विमानवाहू नौका चालवायला शिकलं ते याच ‘टाकाऊ’ मालावर.

आपल्या पाण्यात

विक्रांत ३ नोव्हेंबर १९६१ ला मुंबईत आली. दीड महिन्यात गोवा मुक्तीची कारवाई झाली, त्या वेळी ती बाहेर खोल समुद्रात उभी होती, कुणी परका ताफा पोर्तुगालच्या मदतीला येऊ नये म्हणून. मुरगाव बंदरात पोर्तुगीज जहाजाशी प्रत्यक्ष गोळीबार केला तो बेतवा आणि बियास या फ्रिगेटनी. विक्रांतच्या विमानांचा तळ ‘हंसा’ १९६४ मध्ये कोईम्बतूरकडून गोव्यात दाबोळीला आला आणि तेव्हापासून नौदलाच्या हवाई शाखेचं घर गोवाच.

१९७१ ला तिच्या स्वस्त जन्माची खरी परीक्षा झाली. एका बॉयलरला तडे गेलेले, वेगावर मर्यादा. आणि इथे वेग म्हणजे नुसतं पळणं नाही. विमान उडवताना नौका वाऱ्याच्या दिशेने तोंड करून जोरात चालवतात, म्हणजे समोरून येणारा वारा वाढतो आणि विमान आखूड डेकवरून उचललं जातं. वेग नाही तर उड्डाण अवघड. १९६५ च्या युद्धात ती दुरुस्तीसाठी गोदीत होती, म्हणून टीकाही झाली होती. नौदलप्रमुख अॅडमिरल एस. एम. नंदा यांनी धोका पत्करून तिला बंगालच्या उपसागरात पाठवलं. कॅप्टन स्वराज प्रकाश तिचे कमांडर. ४ डिसेंबरला तिच्या सी हॉक विमानांनी कॉक्स बाजार आणि चितगावावर हल्ले केले आणि पूर्व पाकिस्तानचा समुद्रमार्ग बंद केला. तिलाच शोधायला निघालेली पाकिस्तानी पाणबुडी ‘गाझी’ विशाखापट्टणमजवळ बुडाली.

वाऱ्याचं हे गणित अर्जेंटिनाला ११ वर्षांनी महागात पडलं. मे १९८२ मध्ये फॉकलंड युद्धात त्यांची ‘व्हेंतिसिंको दे मायो’ ब्रिटिश ताफ्यावर हल्ला चढवायच्या तयारीत होती. ही मूळची कोलोसस क्लासची ‘व्हेनरेबल’. नेमका वारा पडला. बॉम्ब लादलेली जड विमानं तेवढ्या वेगात उडवता येईनात, हल्ला राहिला. आणि समोरच्या ब्रिटिश ताफ्याची मुख्य नौका कोणती? ‘एचएमएस हर्मिस’, सेंटॉर क्लासची, तीही १९४४ मध्ये बांधायला घेतलेली. पुढे हीच आपली ‘विराट’.

तिची गोष्टही गमतीची. बांधायला घेतली तेव्हा नाव होतं ‘एलिफंट’. दुसरी हर्मिस रद्द झाली आणि नाव हिला मिळालं. बट्टिकलोवाजवळ बुडालेल्या नौकेचं नाव लावलेली नौका १९८७ मध्ये पुन्हा याच महासागरात आली, नव्या नावाने. सी हॅरियर विमानं घेऊन ती मार्च २०१७ पर्यंत राहिली, नंतर अलंगला तोडली. विक्रांतला बरीच वर्षे मुंबईत संग्रहालय म्हणून ठेवलं, २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही वाट मोकळी केली आणि तीही भंगारात गेली. तिचं थोडं पोलाद बजाजच्या ‘व्ही’ मोटरसायकलच्या टाकीत आहे. सी हॉक, अलिझे आणि सी हॅरियर ही विमानं बघायची असतील तर वास्कोजवळ बोगमाळोच्या नौदल हवाई संग्रहालयात उभी आहेत.

आता कारवारच्या कदंब तळावर असते ती विक्रमादित्य. सोव्हिएत युनियनने तिला विमानवाहू नौका असं म्हटलंच नव्हतं, कागदावर ती ‘क्रूझर’. ती बांधली काळ्या समुद्रात, आणि तिथून बाहेर पडायची तुर्कीची सामुद्रधुनी विमानवाहू नौकांना करारानुसार मोकळी नाही. र्‍यूजोच्या वेळचीच युक्ती, फक्त करार दुसरा.

२ सप्टेंबर २०२२ ला कोचीत दाखल झालेली नवी विक्रांत २६२ मीटर लांब आहे, साधारण ४५ हजार टनांची, म्हणजे जुन्या विक्रांतच्या दुपटीहून जड. तिच्यासाठी आणि विक्रमादित्यसाठी २६ राफेल-एम विमानांचा करार एप्रिल २०२५ मध्ये झाला. तिसरी नौका ६५ हजार टनांची नवीन नकाशावर बांधायची की याच विक्रांतच्या नकाशावर दुसरा नग काढायचा, यावर गेली काही वर्षे चर्चा सुरू आहे. आजच्या घडीला ‘विक्रांत क्लास’मध्ये नौका एकच आहे.